आकडे भरणाऱ्यांना आकडे विचारता यावेत

देशाचे आकडे गोळा करण्याचे काम भारतात मुख्यत्वे दोन वर्गांच्या माथी येते. एक शिक्षक, दुसरा कारकून. शाळेत मुले किती, त्यांत मुली किती, स्वच्छतागृह वापरात आहे की कुलूपबंद, वीज आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे शिक्षक ‘यूडायस प्लस’च्या प्रपत्रांत दरवर्षी भरीत असतात. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीची त्यात भर पडली. जनगणनेचे प्रगणकही बहुतांशी शिक्षक आणि सरकारी कर्मचारीच असतात. २०२१ साली व्हावयाची, पण लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून घेण्याचे जून २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तीत कागदाऐवजी भ्रमणध्वनीवर माहिती टिपण्याची योजना आहे. साधन बदलले, तरी आकडे भरणारे हात तेच राहिले.

माहिती तळातून वर जाण्याची वाट अशी रुंद आणि वहिवाटीची आहे. ती वरून खाली येण्याची वाट मात्र अरुंद आहे. वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतात, राज्यवार तक्ते छापले जातात, अलीकडे संकेतस्थळांवर रंगीत आलेखही दिसू लागले आहेत. परंतु एखाद्या मुख्याध्यापकाला असा प्रश्न पडला की, आपल्या तालुक्यात चौथी-पाचवीनंतर किती मुली शाळा सोडतात आणि ज्या गावांत पुढचा वर्गच नाही तेथे हे प्रमाण वेगळे आहे काय, तर त्याचे उत्तर त्याला बसल्या जागी मिळेल अशी सोय क्वचितच आढळते. तक्ता तयार करणाऱ्याने जो प्रश्न आधी कल्पिला, त्याचेच उत्तर तक्त्यात सापडते. वाचकाचा प्रश्न त्या चौकटीत बसत नसेल, तर तो सोडून देणे एवढेच वाचकाच्या हाती उरते.

छापील कागदाची ही अंगभूत मर्यादा होती, तोवर तिच्याबद्दल तक्रार करण्यात फारसा अर्थ नव्हता. आता ती सबब उरलेली नाही. संख्याशास्त्रीय विश्लेषण ज्या भाषेत केले जाते, त्याच भाषेत वाचकाशी प्रश्नोत्तरे करणारे संकेतपृष्ठ उभारण्याची सोय एका दशकाहून अधिक काळ उपलब्ध आहे, आणि ती विनामूल्य आहे. भाषेचे नाव ‘आर’; त्या सोयीचे नाव ‘शायनी’. संगणकतज्ज्ञांच्या वर्तुळात ही नावे जुनी झाली. सार्वजनिक जीवनात त्यांचा अर्थ काय, याचा विचार मात्र अद्याप पुरेसा झालेला नाही.

एका भाषेची वाटचाल

या भाषेचे मूळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आहे. तेथे १९७६ च्या सुमारास जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ नावाची एक भाषा सिद्ध केली. संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांशी थेट संवाद साधावा, प्रत्येक लहानसहान कामासाठी आज्ञावलीकाराकडे धाव घ्यावी लागू नये, हा तिचा हेतू होता. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनी त्याच धर्तीवर एक नवी भाषा रचली. ‘एस’ची परंपरा आणि दोघांच्याही नावाचे आद्याक्षर अशा दुहेरी कारणाने तिला ‘आर’ हे नाव मिळाले. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या गरजेतून निघालेल्या या उद्योगाला आज जगभरातील अभ्यासकांनी लिहिलेल्या वीस हजारांहून अधिक जोडसंचांची साथ आहे. ज्या कामासाठी पूर्वी महागडी परदेशी आज्ञावली विकत घ्यावी लागे, ते काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील साध्या संगणकावर होऊ शकते, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि ‘आर’मध्ये केलेले विश्लेषण दीर्घकाळ विश्लेषकाच्याच यंत्रात अडकून पडत असे. निष्कर्ष सांगावयाचा तर आलेख काढावा, तो अहवालात चिकटवावा आणि अहवाल पाठवावा, एवढाच मार्ग होता. २०१२ मध्ये ‘आरस्टुडिओ’ या कंपनीतील ज्यो चेंग यांनी ‘शायनी’ हा जोडसंच पुढे आणला आणि ही कोंडी फुटली. संकेतपृष्ठांची स्वतंत्र भाषा न शिकता, केवळ ‘आर’च्या ज्ञानावर, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला असे पृष्ठ तयार करता येऊ लागले की, ज्यावर वाचक जिल्हा निवडतो, वर्ष बदलतो, वयोगट ठरवितो आणि त्यानुसार आलेख व तक्ते त्याच्यासमोर नव्याने मांडले जातात. या कंपनीने २०२२ मध्ये ‘पॉझिट’ हे नाव घेतले आणि त्याच वर्षी ‘पायथन’ या दुसऱ्या लोकप्रिय भाषेसाठीही ‘शायनी’ उपलब्ध करून देण्यास आरंभ केला.

निकालपत्रकाचा दाखला

यामागील यंत्रणा समजण्यास अवघड नाही. शिक्षकाने संगणकावर वर्गाचे निकालपत्रक तयार केले आहे, असे समजावे. एका विद्यार्थ्याचा गणिताचा गुण दुरुस्त केला की त्याची बेरीज बदलते, टक्केवारी बदलते, वर्गाची गणिताची सरासरी बदलते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बेरजेला मात्र धक्का लागत नाही, कारण ती त्या गुणावर अवलंबून नाही. कोणती चौकट कोणत्या चौकटीवर अवलंबून आहे, याची नोंद निकालपत्रक स्वतःच ठेवते. ‘शायनी’चे तत्त्व नेमके हेच आहे. पृष्ठाचे दोन भाग असतात. एक दर्शनी, ज्यावर वाचक निवड करतो. दुसरा पडद्यामागील, जेथे ‘आर’मधील आकडेमोड होते. वाचकाने निवड बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली गणिते तेवढी पुन्हा केली जातात आणि उत्तर दर्शनी भागावर परत येते.

साध्या आलेखापेक्षा ही गोष्ट वेगळी ठरते ती पडद्यामागील भागामुळे. तेथे केवळ आधी काढून ठेवलेली चित्रे नसतात, तर संख्याशास्त्राचे संपूर्ण भांडार असते. नमुना पाहणीतील भार लावणे, अंदाजाच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता दाखविणे, वयोरचनेतील फरक वजा करून दोन जिल्ह्यांची तुलना करणे, या सर्व क्रिया वाचकाच्या प्रश्नानुसार तत्काळ होऊ शकतात. त्यामुळेच या साधनाचा उपयोग हौसेपुरता राहिला नाही. ‘आर कन्सॉर्टियम’च्या पुढाकाराने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे एक प्रायोगिक सादरीकरण झाले. औषधचाचणीचे विश्लेषण परीक्षकांना स्वतः पडताळून पाहता यावे म्हणून त्यात ‘शायनी’तील एक उपयोजन समाविष्ट होते, आणि २०२३ मध्ये त्याचे परीक्षण पूर्ण झाले. ज्या खात्याची कागदपत्रांबाबतची काटेकोर शिस्त प्रसिद्ध आहे, त्यानेही स्थिर तक्त्याबरोबर प्रश्न विचारता येणारा तक्ता पाहावयास घेतला, हे लक्षणीय आहे.

साथीच्या काळातील धडा

या साधनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही कोविडच्या साथीने एकाच वेळी दाखवून दिल्या. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील संशोधकांनी रुग्णसंख्येचा मागोवा घेणारे एक पृष्ठ ‘शायनी’त उभे केले आणि त्याची आज्ञावलीही सर्वांसाठी खुली ठेवली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात त्या वेळी कार्यरत असलेल्या भ्रमर मुखर्जी यांच्या नेतृत्वाखालील गटाने भारतातील साथीचे अंदाज याच पद्धतीने लोकांसमोर ठेवले. टाळेबंदी उठली तर काय होईल, निर्बंध राहिले तर काय होईल, याच्या निरनिराळ्या शक्यता वाचकाला पाहता येत होत्या. साथरोगशास्त्रातील प्रतिमान म्हणजे भविष्यवाणी नसून काही गृहीतांवर उभारलेला निष्कर्ष असतो, ही गोष्ट शंभर लेखांनी जितकी पटली नसती तितकी अशा एका पृष्ठाने पटू शकत होती.

परंतु हे पृष्ठ ज्या आकड्यांवर उभे राहावयाचे, ते आकडे भारतात कोठून येत होते? राज्यांची प्रसिद्धिपत्रके निरनिराळ्या स्वरूपांत निघत. कोणी पीडीएफ प्रसिद्ध करी, कोणी चित्र, कोणी समाजमाध्यमावर एक-दोन ओळी. मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी ‘कोविड१९इंडिया’ हा उपक्रम सुरू केला आणि ही सर्व माहिती रोजच्या रोज हाताने उतरवून, जुळवून, एकाच खुल्या धारिकेत ठेवण्याचे काम अंगावर घेतले. देशातील व परदेशांतील वृत्तपत्रे आणि संशोधक दीड वर्षाहून अधिक काळ त्या धारिकेवर विसंबून राहिले. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी हे काम थांबले. ते करणाऱ्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. शासनाने करावयाचे काम त्यांनी फुकट आणि चोख केले होते. मात्र एवढ्या मोठ्या देशाच्या आरोग्याच्या आकड्यांचा यंत्राला वाचता येईल असा संग्रह स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर अवलंबून राहावा, ही स्थिती भूषणावह नाही. अत्याधुनिक साधन हाती असले, तरी आड कोरडा असेल तर रहाटाचा उपयोग नाही.

प्रगत देशांचा कारभार याबाबत निर्दोष होता, असेही नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात सप्टेंबरचा अखेर आणि ऑक्टोबर २०२० चा आरंभ यांदरम्यान १५,८४१ रुग्णांची नोंद गळून गेली. कारण एवढेच की, प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील धारिकेत भरली जात होती आणि तीत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नव्हत्या. त्यापुढील ओळी सोडून दिल्या गेल्या, पण कोणी तक्रार केली नाही, कारण यंत्राने तशी सूचनाच दिली नाही. या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करण्यास त्यामुळे उशीर झाला. लिखित आज्ञावलीचा लाभ येथे ध्यानात येतो. माहिती कोठून घेतली, काय गाळले, कशाची सरासरी काढली, हे सर्व तीत ओळीने लिहिलेले असते आणि दुसऱ्या माणसाला ते तपासता येते. हाताने चौकटी फिरवून केलेल्या कामाचा असा माग राहत नाही.

रिकामी चौकट आणि शून्य

ज्यांना प्रपत्रे भरावी लागतात, त्यांच्या परिचयाची एक अडचण येथे नमूद केली पाहिजे. प्रपत्रातील एखादी माहिती उपलब्ध नसते, पण चौकट रिकामी ठेवली तर प्रणाली पुढे जाऊ देत नाही किंवा वरिष्ठ कार्यालयातून विचारणा होते. मग तेथे शून्य भरले जाते. पाच शाळांपैकी चार शाळांत प्रत्येकी ४० मुले आहेत आणि पाचवीचा आकडा आलेला नाही, असे धरले, तर न आलेला आकडा शून्य मानल्यास सरासरी ३२ येते; तो वगळल्यास ४० येते. दोन्ही उत्तरांत गणिताची चूक नाही. चूक आहे ती ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी एक मानण्यात.

‘आर’ या बाबतीत हटवादी आहे. न मिळालेल्या माहितीसाठी त्या भाषेत स्वतंत्र खूण आहे, आणि अशी एक जरी खूण आकड्यांत असली तरी सरासरी विचारताच ‘माहीत नाही’ असेच उत्तर मिळते. ती वगळून सरासरी हवी असेल, तर तसे स्पष्ट लिहून द्यावे लागते. नवख्याला हा जाच वाटतो. वस्तुतः ही प्रामाणिकपणाची सक्ती आहे. परंतु प्रपत्रातच शून्य भरले गेले असेल, तर भाषेचा हा सद्गुण व्यर्थ ठरतो. म्हणजे पडद्यावरील सुधारणेची सुरुवात शाळेच्या कार्यालयातील टेबलापासून व्हावी लागते. आपण भरलेल्या आकड्याचे पुढे काय झाले, हे भरणाऱ्याला दिसू लागले, तर तो आकडा अधिक काळजीने भरला जाईल, ही अपेक्षा अवाजवी नाही. ज्या माहितीचा आपल्याला कधीच उपयोग होत नाही, ती माणूस केवळ उरकून टाकतो.

भाषेची अडचणही अशीच दुहेरी आहे. विंडोज प्रणालीवर देवनागरी अक्षरे ‘आर’ला सहज हाताळता येऊ लागली ती एप्रिल २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून. तत्पूर्वी गावाच्या नावाऐवजी अनेकदा सांकेतिक अक्षरांची माळ दिसत असे. हा अडसर दूर झाला. परंतु युनिकोडपूर्व टंकांत अडकलेल्या जुन्या धारिका आणि एकाच गावाची तीन कार्यालयांतील तीन शुद्धलेखने, हा वारसा अजून शिल्लक आहे. गावांना सांकेतांक देणारी केंद्राची निर्देशिका अस्तित्वात आहे. प्रत्येक खात्याने आपल्या प्रत्येक तक्त्यात तो सांकेतांक वापरला, तर शाळा, पाणी आणि आरोग्य यांची माहिती एकत्र जुळविणे पुष्कळ सुकर होईल.

सरकपट्टीचा मोह

या साधनाचे धोकेही ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला धोका असा की, पडद्यावरील निवडीचे स्वातंत्र्य पुष्कळदा भासमान असते. कोणते प्रश्न विचारता येतील, हे पृष्ठ तयार करणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. त्याने शाळांची संख्या दाखविली आणि रिक्त शिक्षकपदे दाखविलीच नाहीत, तर वाचकाला चित्र समाधानकारक वाटेल. आलेखाचा अक्ष शून्यापासून न धरता मधूनच धरला, तर किरकोळ वाढ डोंगराएवढी दिसेल. शासकीय कामगिरी मिरविण्यासाठी केलेले पृष्ठ आणि जनतेला उत्तर देण्यासाठी केलेले पृष्ठ बाह्यतः सारखेच दिसते. दोहोंतील फरक मूळ आकडे आणि आज्ञावली खुली आहे की नाही, यावरून ओळखावा लागतो.

दुसरा धोका वाचकाकडून संभवतो. हवे ते उत्तर मिळेपर्यंत सरकपट्टी फिरवीत राहणे सोपे असते. पुरेशी वर्षे, पुरेसे वयोगट आणि पुरेसे जिल्हे बदलून पाहिले, की कोणत्या तरी कोपऱ्यात योगायोगाने का होईना, मनाजोगता कल सापडतोच. तोच तेवढा उचलून पुढाऱ्याने भाषणात वापरावा किंवा विद्यार्थ्याने प्रबंधात घालावा, ही संख्याशास्त्राची चेष्टा होय. तिसरा धोका व्यक्तीच्या खाजगीपणाचा. एखाद्या लहान वस्तीतील शाळेत अमुक प्रवर्गातील, अमुक अपंगत्व असलेली एकच मुलगी असेल, तर तक्त्यातील ‘१’ हा आकडा म्हणजे तिचे नाव उघड करण्यासारखेच आहे. २०२३ मध्ये ‘वेबआर’मुळे ‘आर’ ही भाषा सर्व्हरवर न चालविता थेट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालविता येऊ लागली. त्यामुळे खर्च घटला, पण माहितीही वाचकाच्या यंत्रापर्यंत जाऊ लागली. जे गुप्त राहावयास हवे, ते अशा पृष्ठात मुळातच ठेवता येत नाही.

मात्र खाजगीपणाची ढाल करून सर्वच आकडे झाकून ठेवणे हा यावरील उपाय नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीच्या कलमात बदल केला, तेव्हा याच भीतीने अनेकांनी विरोध नोंदविला होता. लहान गटांचे आकडे एकत्र करून किंवा गाळून प्रसिद्ध करण्याच्या मान्य पद्धती आहेत. त्या वापरणे कष्टाचे आहे. नकार देणे सोपे आहे.

खुले धोरण, बंद धारिका

कागदावर भारताचे धोरण खुलेपणाचेच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपणहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. २०१२ मध्ये माहितीच्या देवाणघेवाणीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २९ जून २०२४ रोजी, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या जन्मदिनी, सांख्यिकी मंत्रालयाने ‘ई-सांख्यिकी’ हे संकेतस्थळ सुरू केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण २०१७-१८ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्ध न करण्याचा निर्णय याच मंत्रालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला होता, हेही विसरता येत नाही. दर्जाबद्दल शंका असेल, तर आकडे त्या शंकेसह प्रसिद्ध करावेत आणि अभ्यासकांना तपासू द्यावेत, हा शास्त्राचा मार्ग आहे. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचे जे मापन पुण्याच्या गोखले संस्थेतून मांडले, त्यावर देशभर वाद झाला. तो होऊ शकला, कारण मूळ पाहणीचे आकडे वाद घालणाऱ्यांच्याही हाती होते.

करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रत्येक तक्ता पीडीएफबरोबर यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपातही द्यावा. न मिळालेली माहिती आणि शून्य यांसाठी प्रपत्रात निरनिराळ्या खुणा असाव्यात. सार्वजनिक पैशाने तयार झालेल्या प्रत्येक डॅशबोर्डबरोबर त्याचे आकडे व आज्ञावली उपलब्ध असावी. मनुष्यबळाचा प्रश्नही न सुटण्यासारखा नाही. ‘आर’च्या प्रसारासाठी मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प काम करीत आहे, आणि संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांत या भाषेची प्रात्यक्षिकेही आली आहेत. आज ही प्रात्यक्षिके पाठ्यपुस्तकातील परदेशी फुलांच्या पाकळ्या मोजण्यात संपतात. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील शाळांची किंवा पर्जन्यमानाची माहिती घेऊन मराठीतून प्रश्नोत्तरे करणारे एक पृष्ठ तयार करावे, असा प्रकल्प विद्यापीठांना सहज नेमून देता येईल. त्यात विद्यार्थ्याला विद्या मिळेल आणि तालुक्याला आरसा.

लोकशाहीत मतदाराला पाच वर्षांतून एकदा विचारले जाते; मधल्या काळात त्याने शासनाला विचारावे, अशी अपेक्षा असते. असे प्रश्न नेमके विचारता येण्यासाठी आकडे लागतात, आणि ते आकडे जमविणारे शिक्षक व कारकून तर उन्हातान्हात घरोघर फिरून आपला वाटा उचलीतच असतात. त्यांच्या श्रमाचे फळ मंत्रालयातील पडद्यापुरते राहावे की गावच्या शाळेपर्यंत परत यावे, हा आता तंत्रज्ञानाचा प्रश्न उरलेला नाही. त्याचे उत्तर शासनाला द्यावयाचे आहे.